जिन्यावरून खाली आणलेली कातडी

आमच्या दवाखान्यात वरच्या मजल्यावर नीलांबरी माणसाची कातडी वाढवते. मी खाली भाजलेल्यांच्या वॉर्डात सिस्टर, त्यामुळे तिची सगळी तऱ्हा मला ठाऊक. कामाला वाघीण, पण कुणी चार शब्द गोड बोललं की विरघळलीच! असल्या मऊपणाचा मला भारी संताप येतो.

देवळालीची सत्यशीला गुऱ्हाळावर भाजली. गुळाच्या काहिलीतला उकळता रस हातांवर, छातीवर आला. तिच्या मांडीवरचा कातडीचा छोटा तुकडा काढून नीलांबरीनं त्यातल्या पेशी डिशांमध्ये सोडल्या. जखमा उघड्या होत्या. कातडी वेळेत तयार झाली नसती, तर पोरीचं काही खरं नव्हतं.

तिच्या सासूला, आक्काबाईंना, हे काही पटेना. बशीत कातडी कशी उगवेल? नीलांबरीनं समजावलं, आजी, तुम्ही घट बसवता ना, तसंच. पेशी आधी तळाला चिकटतात, मग पाय फुटल्यासारख्या सरकत एकमेकींना भिडतात आणि पापुद्रा धरतो. झालं! घट म्हटल्यावर आक्काबाईंना हळदकुंकू वाहायचं होतं. गुडघ्यांमुळे जिना चढवेना, म्हणून डोळ्यांत पाणी. आणि आमची बाई सगळ्या डिशा ट्रेमध्ये घालून खाली घेऊन आली. बसवलेला घट हलवत नाहीत, हे तिच्या घरी शेंबड्या पोरालाही कळतं. आक्काबाईंनी झाकणांना कुंकू लावलं, म्हातारी खूश.

पेशी अजून चिकटल्याच नव्हत्या. जिन्यावर हिंदकळून त्या डिशांच्या मधोमध गोळा झाल्या आणि तशाच मेल्या.

पेशींनी धरलं नाही, पुन्हा तुकडा घ्यावा लागेल, एवढंच डॉक्टरांनी सत्यशीलाला सांगितलं. ती भिंतीकडे तोंड करून म्हणाली, "माझी कातडीच करंटी हाय."

नीलांबरी दारातच उभी होती. त्या दिवशी तिनं डबा उघडला नाही. संध्याकाळी ती खाटेपाशी आली.

"सत्यशीलाताई, तुमच्या कातडीत खोट नाही. डिशा मी हलवल्या."

आक्काबाई पुढं सरकल्या. "मीच आनाय लावल्या," म्हणाल्या, आणि लुगडं वर सारून आपली मांडी पुढं केली. "माझी घ्या."

दुसऱ्याची कातडी अंगाला कायमची लागत नाही, हे शेवटी मीच सांगितलं. म्हातारीनं लुगडं खाली ओढलं आणि पदरात तोंड घालून रडली.

सत्यशीलानं दुसरी मांडी दिली. या खेपेला पेशी चिकटल्या, सरकायलाही लागल्या. नीलांबरी धावत खाली सांगायला आली, रिकाम्या हातांनी. दोन्ही मांड्यांना पट्ट्या बांधलेली सत्यशीला तिच्याकडे वळली. आवाजात राग नव्हता.

"बरं झालं," ती म्हणाली. "आता तुमी पन खाली येऊ नका. वर त्या पेशींपाशीच बसा."

नीलांबरी हो म्हणाली आणि पाय न वाजवता जिना चढून गेली.