एकटीचा प्रवेशोत्सव

हिमायतनगरच्या पलीकडे एका खेड्यात आमची शाळा. शिक्षक दोनच, मी आणि हेडसर. यंदा पहिलीला नवीन नाव एकच आलं. गावातली तिच्या वयाची बाकीची लेकरं पिवळ्या व्हॅनमध्ये बसून तालुक्याच्या इंग्रजी शाळेत जातात. सकाळी टाय बांधून जातात आणि संध्याकाळी तोच टाय चघळत परत येतात. राहिली ही एक पोरगी, आणि तिचा बापही डळमळीत.

"म्याडम, तुम्ही लई मागं लागला म्हणून एक दिस पाठवतो," त्यानं पोरीच्या समोरच मला बजावलं. "रडली की व्हॅन. मंग मला काय म्हणू नका."

म्हणजे माझा पहिलीचा वर्ग आता एका पोरीच्या डोळ्यांतल्या पाण्यावर येऊन ठेपला होता. मी हेडसरांना म्हटलं, "सर, मिरवणूक-बिरवणूक राहू द्या. मी तिला गुपचूप वर्गात घेते, गोष्ट सांगते." पण आमच्या सरांना उत्सवाची दांडगी हौस. त्यात वरच्या ऑफिसातून फोटो मागवलेले. "एक लेकरू असलं म्हणून काय झालं? स्वागत दणक्यात झालं पाहिजे!" ते म्हणाले. माझं डोकं तेव्हाच तापलं होतं.

आणि झालं ते दणक्यातच. आंब्याच्या डहाळ्या बांधलेला ट्रॅक्टर, पुढे हलगी, मागे वरच्या वर्गातल्या पोरांच्या घोषणा, आणि ट्रॉलीत प्लास्टिकच्या खुर्चीवर ती एकटी. झेंडूचा हार तिच्या गुडघ्यांच्याही खाली लोंबत होता. हलगीवाल्याचा हात लग्नाच्या वरातीतच तयार झालेला, त्यामुळे त्यानं तेच वाजवलं. पोरगी ना हसली, ना रडली. मी अख्ख्या रस्त्यात फक्त तिच्या खालच्या ओठाकडे बघत होते. तिचा बाप शाळेच्या फाटकाशी हाताची घडी घालून उभा होता, तोही तिथेच बघत होता.

शाळेत औक्षण झालं, पेढा झाला. मग परातीत कुंकवाचं पाणी कालवलं, तिचे पाय त्यात बुडवले आणि पांढऱ्या कागदावर पहिल्या पावलाचे ठसे घेतले. सरांनी टाळ्या वाजवत जाहीर केलं, "आता ही पोरगी आमची झाली!" फोटो निघाला. त्यात सरांचेच डोळे मिटलेले. दुसरा काढायला वळतो तर पोरगी गायब.

व्हरांड्यातून फाटकाबाहेर इवली इवली लाल पावलं गेलेली. मी त्यांच्या मागे, माझ्या मागे सर, सरांच्या मागे बाप आणि सगळी शाळा. हलगीवाल्याला कुणी थांब म्हटलं नव्हतं, म्हणून तोही वाजवत निघाला. लोक दारात येऊन विचारायला लागले, वरात उलटी का चालली म्हणून.

पोरगी घरी नव्या काकूच्या पदराआड दडून बसली होती. ही काकू म्हणजे तिच्या चुलत्याची बायको, याच उन्हाळ्यात लग्न होऊन आलेली.

"काय झालं गं बाळा?" मी विचारलं.

"म्या न्हाई नांदणार शाळेत!" ती आतूनच ओरडली. "काकूला बी असंच आणलं. हलगी लावून, हार घालून. पाय लाल केले आन् समदे म्हणले, आता ही आमची झाली. मंग तिला घरी जाऊच दिलं न्हाई."

अंगण हसून हसून लोटपोट झालं. हलगीसुद्धा थांबली. मी हसू दाबून तिच्याजवळ बसले. "अगं, शाळेतून मी रोज माहेरी पाठवते."

"रोज?"

"रोज. पाच वाजता."

"आन् आयितवारी?"

"दिवसभर माहेरीच."

"दिवाळीला?"

"लांबलचक सुट्टी. उन्हाळ्यात तर त्याहून मोठी."

तिनं पदर सोडला, चपला घातल्या आणि माझं बोट धरलं. बाप म्हणाला, "न्हाई रडली बरं का. ठरलं ते ठरलं." मला इतका आनंद झाला की सरांवरचा रागही विसरले.

आम्ही निघालो तशी मागून काकू हसत म्हणाली, "म्याडम, मलाबी घ्या की तुमच्या शाळेत." लोक पुन्हा हसले. तीही हसत होती, पण पदर डोळ्यांना लागला होता. पोरीनं ते नेमकं पाहिलं.

"बाबा," ती म्हणाली, "काकू रडून राहिली. आता तिला व्हॅनमधी बसवा."

या वेळी कुणी हसलं नाही. बाप मान खाली घालून जमिनीवरची लाल पावलं बघत राहिला.

त्याच आठवड्यात काकूला उमरीकडे तिच्या माहेरी पोचवलं. व्हॅननं नाही, एसटीनं. सोमवारी पोरगी वर्गात आली ती फुरंगटूनच.

"काकूला आठ दिस सुट्टी," ती मला म्हणाली, "आन् मला एकच."