मिलिंदचा डावा हात

श्रीरामचंद्राच्या चरणी मस्तक ठेवून, आणि ज्यांच्यापाशी मी अक्षर शिकलो त्या गुरुजनांचे स्मरण करून, हे लिहावयास बसलो आहे. निमित्त माझ्या पंचाहत्तरीचे. माझे जुने विद्यार्थी आणि तालमीतील मुले मिळून एक गौरव अंक काढीत आहेत. त्यात माझे मनोगत हवे, असा त्यांचा आग्रह. अंकातील एका लेखाचे शीर्षक त्यांनी मला कौतुकाने दाखविले — ‘निष्पक्ष पंच’. ते वाचून मी हसलो. त्यांना वाटले, संकोच वाटला असेल.

आता जे सांगणार आहे, ते मी आजवर कोणालाही सांगितलेले नाही. पत्नीला नाही. देवापुढेही स्पष्ट शब्दांत नाही — आणि देवाला ठाऊक असते, या समजुतीचा आधार घेऊन मी न सांगता राहिलो. ज्याला सर्वांत आधी सांगावयास हवे होते, त्यालाही सांगितले नाही. आपण वाचक आहात, परके आहात, म्हणून आपल्याशी बोलणे सोपे जाते काय? कदाचित तसेच असेल.

मी संस्कृतचा शिक्षक. सकाळी पाठशाळा, सायंकाळी तालीम — हा माझा क्रम चाळीस वर्षे चालला. कुस्तीविषयी मी पुष्कळ बोलत आलो. प्रवचनांतूनही बोललो. म्हणत असे की कुस्ती म्हणजे आलिंगन आहे. त्यात दोन माणसे एकमेकांचा घाम अंगाला लावतात, एकमेकांचा श्वास ऐकतात. आणि ठोसा? लाथ? ती दुरून मारलेली असते. मारणाऱ्याला मार खाणाऱ्याचे अंग कळतच नाही. लोक माना डोलवीत. मलाही माझे बोलणे गोड लागे.

नऊ वर्षांपूर्वी अंबडला जी स्पर्धा झाली, ती निराळ्या प्रकारची होती. त्यात ठोसे, लाथा, पकडी — सर्व काही चाले. खांदे टेकले म्हणजे हरला, असे त्यात नसते. पकडीत सापडलेल्या खेळाडूला सहन झाले नाही, की त्याने गादीवर हात आपटावयाचा. ती शरणागती. हात आपटलेला ज्या पंचाला दिसेल त्याने तत्क्षणी शिट्टी वाजवून दोघांना सोडवावयाचे. आयोजकांनी मला मुख्य पंच नेमले होते. गादीवर एक तरुण पंच, आणि कडेला खुर्चीवर मी, गळ्यात शिट्टी. मी ती नियमावली सूत्रांसारखी पाठ केली होती. हे मुद्दाम सांगतो, कारण अज्ञानाची सबब मला नाही.

त्या दिवशीच्या शेवटच्या लढतीत माझा शिष्य बळीराम होता. स्वतःच्या शिष्याच्या लढतीत पंच होऊ नये, हे मला समजत नव्हते काय? समजत होते. मी तसे म्हणालोही. आयोजक म्हणाले, “गुरुजी, तुम्ही हायत म्हणूनच कोणी बोलणार न्हाई.” आणि ते ऐकून मला बरे वाटले.

बळीरामच्या समोर होता मिलिंद. वडीगोद्रीचा, बौद्ध वस्तीतील. वय एकवीस. फरशी बसविण्याचे काम करी आणि सैन्यातून निवृत्त झालेल्या एका सुभेदारांकडे ठोसे व लाथा शिके. बारीक अंगाचा, पण पाय विजेसारखे. गादीवर येताना त्याने वाकून गादीला हात लावला, मग मला नमस्कार केला. मी मान हलविली. तेवढेच.

पहिल्या फेरीत त्याने बळीरामला जवळ येऊच दिले नाही. मांडीवर लाथ, गालावर ठोसा, पुन्हा मांडीवर लाथ. बळीराम हात पुढे करून कवेत घ्यावयास जाई, आणि तेथे कोणी नसे. गर्दीतून एक जण ओरडला, “गुरुजी, तुमचा पैलवान पीठ मळायला आल्ता का? नुसता हात फिरवून राह्यलाय.” सगळे मैदान हसले. दुसरा म्हणाला, “पैलवानाला जेवू तरी घाला, मंग मारा.” पुन्हा हशा. कान तापले होते. चाळीस वर्षांची प्रवचने कोणीतरी भर बाजारात फाडून टाकीत आहे, असे वाटत होते.

आता इथे मी थांबतो आहे. पुढचे लिहावयाचे म्हटले की लेखणी आपोआप त्या हशाकडे वळते. जणू त्या हशाने माझ्याकडून काही करविले. तसे नाही. हसणारे हसले आणि विसरले.

दुसऱ्या फेरीत बळीरामने एकेरी पट काढला. पाय धरून मिलिंदला खाली आणले, त्याचा उजवा हात आपल्या दोन्ही मांड्यांत धरला आणि मागे झुकून कोपर ताणले. हा डाव त्याला या स्पर्धेसाठी नवा शिकविलेला. मातीतल्या कुस्तीत असे सांधे मोडणे आम्ही वर्ज्य मानतो. गादीवरचा तरुण पंच मूळचा पैलवान. त्याची नजर सवयीने कुठे गेली? खांद्यांकडे. पाठ टेकली की नाही, हे तो वाकून पाहू लागला — जिथे पाठ टेकण्याला काही अर्थच नव्हता. आमच्या भागातील कोणताही कुस्तीचा पंच तसाच वाकला असता. त्यामुळे मिलिंदचा डावा हात पंचाच्या पाठीमागे राहिला. मागे झुकलेल्या बळीरामलाही तो दिसत नव्हता.

तो माझ्यासमोर होता. माझ्या खुर्चीपासून चार हातांवर.

त्या हाताने गादीवर दोनदा आपटले. मी पाहिले. मिलिंदचा चेहरा माझ्याकडे वळलेला होता. शिट्टी माझ्या ओठांत होती. मी — मी एक श्वास घेतला. रोज पहाटे प्राणायाम करणारा मनुष्य आहे मी. एका श्वासाला किती वेळ लागतो हे मला नेमके ठाऊक आहे. श्वास आत घेतला, आणि शिट्टीत सोडला नाही. नाकाने सोडला. सावकाश. तेवढ्यात त्या हाताने आणखी तीनदा आपटले. आणि मग वाळलेली तुराटी गुडघ्यावर मोडावी तसा आवाज आला.

त्यानंतर मी शिट्टी वाजविली.

त्या श्वासात माझ्या मनात काय होते? ‘थोडे कळू दे याला.’ एवढेच शब्द. काय कळू दे? कुस्तीची थोरवी? आणि ज्याला आलिंगन म्हणून मी मिरवीत होतो त्या पकडीतच त्याचा हात मोडत होता. दुरून मारणारा त्या मैदानात मी एकटा होतो.

आणखी एक प्रश्न आहे, तो मी पुष्कळ वर्षे टाळला. तो हात आमच्या आळीतील एखाद्या मुलाचा असता, तर मी तो श्वास घेतला असता काय? उत्तर मला ठाऊक आहे. सर्व भूतांच्या ठायी एकच ईश्वर, हे मी मुलांकडून घोकून घेतले आहे. माझे उत्तर ‘नाही’ असे आहे. नसता घेतला.

आयोजक धावत आले. विचारले, “गुरुजी, त्यानं हात आपटला होता का?” मी म्हणालो, “मला दिसला नाही.” निर्णयपत्रावर माझ्या वळणदार अक्षरांत लिहिले, की खेळाडूने शरणागतीची खूण स्पष्टपणे केली नाही. कोणी एका शब्दानेही शंका घेतली नाही. उलट सुभेदारांनाच दोष लागला — पोरांना शरण जायलासुद्धा शिकविले नाही म्हणून. लोकांनी त्यांच्याकडे मुले पाठविणे थांबविले. वर्षभरात त्यांनी वर्ग बंद केला. बळीरामने रडवेल्या तोंडाने मला विचारले होते, “गुरुजी, माझ्याकून काही चुकलं का?” मी त्याला म्हणालो, तू निर्दोष आहेस. तेवढे मात्र खरे होते.

तीन महिन्यांनी मिलिंद आईला घेऊन माझ्या घरी आला. हात अजून झोळीत. ओट्यावर बसला. आई उभीच राहिली. मी बसा म्हटले, तरी उभी. तो म्हणाला, “गुरुजी, एकच विचारायचं हाय. तुम्हाला माझा हात दिसला होता का?”

आपण सांगा — याहून सोपी संधी मनुष्याला मिळते काय? घरी चालत आलेली. मी म्हणालो, “नाही बाळ. दिसला असता तर वाजविली नसती का शिट्टी?”

तो माझ्याकडे पाहत राहिला. मग म्हणाला, “बराबर हाय. मंग माझंच चुकलं. जोरात आपटायला पाहिजे होतं.”

आणि मी काय केले? त्याला प्रारब्धावर चार शब्द सांगितले. चहा पाजला. ती माउली जाताना मला नमस्कार करून गेली.

त्याचे कोपर पुन्हा सरळ झाले नाही. फरशीचे काम सुटले. हे मला लोकांकडून कळत गेले. मी कधी विचारावयास गेलो नाही.

गेल्या महिन्यात गौरव समितीची मुले मला वडीगोद्रीला घेऊन गेली. मिलिंद आता तिथे हमरस्त्यालगत पत्र्याच्या शेडमध्ये मुलामुलींना ठोसे आणि पकडी, दोन्ही शिकवितो. समितीच्या मुलांना वाटले, गुरुजींनी आशीर्वाद द्यावा. मला नाही म्हणता आले नाही. तो पुढे आला, डाव्या हाताने पायांना स्पर्श केला, खुर्ची दिली. मग वर्ग पुढे चालू केला. शरण कसे जावे, याचाच पाठ होता.

तो मुलांना सांगत होता, “हात आपटताना पंचाच्या तोंडाकडं बघत बसू नका. त्यानं बघितलं म्हंजी तो सोडवीलच असं न्हाई. तोंडानं वरडायचं — सोड, सोड. समद्या मैदानाला ऐकू गेलं पाहिजे. लाजायचं न्हाई.”

एका मुलीने विचारले, “पण सर, पंचानं बघितल्यावर तो कशाला गप बसंल?”

“बसतो एखादा. माणूसच असतो.” त्याच्या आवाजात कडवटपणा नव्हता. मग माझ्याकडे वळून म्हणाला, “गुरुजी, तुमच्यावर ऊन येऊन राह्यलंय. खुर्ची इकडं सावलीला घ्या.”

मी खुर्ची सावलीला घेतली. माझ्या ओट्यावर तो विचारावयास आला, तेव्हाही मी पाहिले होते हे त्याला ठाऊक होते. मी काय म्हणतो, एवढेच पाहावयास तो आला होता. आणि हे उमगल्यावरही, तिथे, त्या मुलांसमोर, मी काही बोललो नाही. आशीर्वाद देऊन परत आलो.

म्हणून येथे लिहितो. मिलिंदने हात आपटला होता. आधी दोनदा, मग तीनदा. तो मी पाहिला. निर्णयपत्रावरील माझे वाक्य खोटे आहे. सुभेदारांच्या शिकवणीत काही उणे नव्हते. गौरव अंकात हे छापावे की न छापावे, हे मुलांनी ठरवावे. या मजकुराची एक प्रत वडीगोद्रीला आणि एक सुभेदारांकडे मी आजच पाठवीत आहे. मला क्षमा नको, उत्तरही नको.

वाचकहो, माझ्यासारख्याच्या तोंडून आशीर्वाद घ्यावा की नाही, हे आपण ठरवा. प्रार्थना मात्र करतो. श्रीराम आपल्या घरातील थोरांना स्वास्थ्य देवो, लेकरांचे हातपाय कुशल राखो, आणि आपल्या उंबऱ्यावर कोणी खरे विचारावयास आला, तर आपल्या मुखी खरेच येवो.