टाळूवरचं काळं

मिशरीविरुद्धचं आमच्या गटाचं पत्रक मीच लिहिलं होतं. "हे तोंड आहे की चूल?" हे शीर्षकही माझंच. जव्हार-मोखाड्यात पाड्यापाड्यावर वाटलं. पोशेऱ्याच्या माझ्या आत्याने ते पिठाच्या डब्यावर चिकटवलं आणि शेजारणींना सांगितलं, "भाचीने माझ्यावरच लिहिलंय." तीस वर्षं ती मिशरी, ती जाळलेली तंबाखू, दातांना लावायची; आता सोडली म्हणत होती.

दिवाळीनंतर गेले तर तिचा डावा गाल सुजलेला, डोकं ठणकतंय, एक नाकपुडी बंद. शुगर जुनीच. गोळ्या संपल्या होत्या आणि 'बाजाराच्या दिवशी आणू' असं चाललं होतं. एका खासगी दवाखान्यात दाढ म्हणून इंजेक्शन टोचून घरी पाठवलेलं. तोंड उघडून बघायचे कष्टही घेतले नाहीत.

"आ कर बघू," मी म्हटलं.

असा वास आला की मी मागेच सरले. कणगीत उंदीर मरून पडावा तसा. टाळूवर डावीकडे बोटाच्या पेराएवढं काळं.

मला किळस आली, आणि किळस आली की माझी जीभ सुटते. ओटीवर दोन शेजारणी बसल्या होत्या, त्यांच्यादेखत म्हटलं, "सोडली म्हणे! पत्रक डब्याला आणि मिशरी टाळूला? खोटारडी कुठली!"

"पोळ्यापासून हात नाही लावला गं."

"मग हे काय, काजळ?"

एक शेजारीण फस्सकन हसली. "पत्रकवाल्या बाईंनी चोर धरला!"

आत्या अंगणात गेली. चूळ भरायची, बोटाने टाळू घासायची, परत येऊन मला दाखवायची. "गेलं का?"

"तीस वर्षांचं एका चुळीत जातं होय?"

दुसऱ्या दिवशी सकाळी तिने चहा कपाबाहेर ओतला. डावी पापणी लोंबत होती. उजव्या डोळ्यावर हात धरून म्हणाली, "अगं, ह्या बाजूने काहीच नाही. काल तर होतं."

ग्रामीण रुग्णालयातल्या तरुण डॉक्टरीणबाईंनी तोंडात बॅटरी मारली. शुगर इतकी वर की मशीनवर आकडाच येईना.

"ही मिशरी नाही. मांस मेलंय. बुरशी आहे, नाकातून टाळूत आणि डोळ्यामागे गेलीय. शुगर अशी चढली की ती आत पसरते. काळं कधी दिसलं?"

"काल," आत्या म्हणाली. माझ्याकडे बघितलंही नाही.

नाशिकला तिचा डावा डोळा काढला, टाळूचा तुकडाही. उजवा वाचला. एक दिवस आधी आणलं असतं तर, असं मी तिथे विचारलं. "सांगता येत नाही. पण ह्यात तासही मोजतात," डॉक्टर म्हणाले. ते मेलेलं मांस मी ट्रेमध्ये पाहिलं. त्याहून जास्त शिसारी मला माझ्या त्या 'काजळ'ची येते.

मग नवं पत्रक लिहिलं. शुगर असेल आणि गाल सुजला, टाळूवर किंवा नाकात काळं दिसलं, एकाचे दोन दिसू लागले, तर त्याच दिवशी रुग्णालय गाठा. खाली उदाहरण दिलं: 'नातेवाइकांच्या अज्ञानामुळे एका महिलेचा डोळा गेला.'

आत्याने कागद उजव्या डोळ्याजवळ नेला. टाळूला आता प्लेट आहे, बोलणं नाकातून येतं.

"अज्ञान कुणाचं गं? तू तर पत्रकं लिहितेस."

ती ओळ मी खोडली. त्या जागी लिहिलं: 'तिने खरं सांगितलं आणि मी तिला खोटारडी म्हटलं.'

गटातला एक म्हणाला, पत्रकात 'मी' चालत नाही.

चालवलं.