मापाचं ब्लाऊज

पारनेरहून होणाऱ्या विहीणबाईंचा फोन आला तेव्हा माझे हात पिठात होते. मुलीनं मोबाईल माझ्या कानाला धरला.

"विहीणबाई, मापाचं एक ब्लाऊज पाठवून द्या. तुमच्या मानाच्या साडीवरचं आमच्याकडंच शिवायचं हाय. माझी नणंदच शिवती, फिटिंग लई भारी आसतं तिचं."

"व्हय व्हय, पाठवते की," मी म्हणाले. हसलेसुद्धा. फोन बंद झाला आणि तव्यावरची भाकरी करपली.

एका ब्लाऊजपायी एवढं काय, असं कोणालाही वाटेल. पण तीन वर्षांपूर्वी कॅन्सरपायी माझा डावा स्तन काढून टाकला. उजवा आहे. म्हणजे माझ्या अंगाला दोन मापं आहेत, आणि शिवणाऱ्या बाईला ब्लाऊज उलटं केल्याबरोबर ते कळणार.

सोनईत आमच्या घराबाहेर हे कोणालाच ठाऊक नव्हतं. गावाला आम्ही गर्भपिशवीचं ऑपरेशन सांगितलं होतं. त्याचं एक बरं असतं. गल्लीतल्या निम्म्या बायकांची पिशवी काढलेली, त्यामुळे पुढं कोणी विचारत नाही, उलट आपापल्या टाक्यांची कहाणी सांगत बसतात. केमो नगरला भावाकडं राहून घेतली. केस गेले तेव्हा टायफॉईडला पुढं केलं. पुढं पुढं मी इतकी सराईत झाले की दाताच्या डॉक्टरनं आधीचं काही ऑपरेशन विचारलं, तर त्यालाही पिशवीच सांगून मोकळी झाले.

खरी पंचाईत डावी बाजू भरायची होती. आधी मी कापसाची उशी केली. ती हलकी, दळण घेऊन गिरणीत पोचेपर्यंत गळ्याशी यायची. मग बाजरी भरली. महिन्याभरात तिच्यात किडे झाले, आणि ते मला कसे कळले हे मी सांगणार नाही. शेवटी मोहरी. मोहरी जड, जागेवर गप्प बसते. म्हणून प्रत्येक ब्लाऊजला आतून डावीकडं खिसा शिवायचा, त्यात मोहरीची पिशवी सरकवायची, वरून पदर आणि पदराला दोन पिना. एवढं करूनही सडा घालायला वाकले, कोणी गळ्यात पडलं, एसटीनं धक्का दिला की माझा हात आधी डावीकडं जायचा. उजवी बाजू स्वतःच्या वजनानं ओढायची, मान नि खांदा कायम भरलेला. आंघोळ करताना मी अजूनही खाली बघत नाही.

ही भीती माझ्यापुरती असती तर कधीच झटकून टाकली असती. मी काही भित्री बाई नाही. पण ती मुलीसाठी होती. आमच्याच गल्लीतल्या एका मुलीचं ठरलेलं लग्न तिच्या आईच्या अंगावरच्या कोडापायी मोडलेलं मी पाहिलं होतं. कोडानं तर कोणी मरतही नाही. मग माझ्या दुखण्याचं काय करतील? आईला झाला, उद्या पोरीला होईल, हे म्हणायला लोकांना डॉक्टरकीचं शिक्षण लागत नाही. म्हणून सुपारी फुटली त्याच दिवशी मी मुलीला समोर बसवून बजावलं होतं.

"अक्षता पडोस्तोर ह्या विषयावर अवाक्षर काढायचं न्हाई. नवऱ्या मुलापाशी तर मुळीच न्हाई."

"बरं, मम्मी," ती म्हणाली होती. नागापूरच्या एका कारखान्यात ती तयार माल तपासायचं काम करते. पहिल्यापासून सांगितलं ते ऐकणारी पोर.

आता मापाला कोणतं ब्लाऊज पाठवायचं? ऑपरेशनच्या आधीची सगळी मी एका दिवशी रागानं टराटरा फाडून त्यांची पुसणी केली होती. उरलेल्या प्रत्येकाला आत खिसा. दुसऱ्या दिवशी दुपारी त्यातलंच एक घेऊन मी खिसा उसवायला बसले. मुलीला सुट्टी होती, ती माझ्याशेजारी बसलेली. खिसा निघाला, पण टाक्यांची भोकं काही जाईनात. मी त्यावर पाणी मारलं, नखानं घासलं. माझी चिडचिड चालू होती.

"मम्मी, तुला पहिल्यांदा हाताला लागलं तवा दुखत हुतं का?" मुलीनं विचारलं.

"आता कशाला ते उकरून काढती? मला हे निस्तरू दे."

"सांग ना. घट्ट हुतं का सरकत हुतं?"

माझी कात्री थांबली. मी तिच्याकडं पाहिलं, तर ती माझ्याकडं बघत नव्हती. तिचा उजवा हात ओढणीच्या आत होता.

"कधीपास्नं?" मी विचारलं.

"दिवाळीपास्नं."

संक्रांत होऊन गेली होती.

"आन मला बोलली न्हाईस?"

"तूच म्हनली हुतीस, अक्षता पडोस्तोर काही बोलायचं न्हाई. नगरला दवाखान्यात कुनी बघितलं आसतं तर? लग्न झाल्यावर दाखवनार हुते मी."

अशी सणसणीत कानाखाली द्यावीशी वाटली, पण तिच्या नाही, माझ्या. एवढे दिवस मी मोहरीची पिशवी सांभाळत बसले होते, आणि पोर माझ्याच शेजारी झोपून एकटी हे चाचपत होती.

मी उठून दाराची कडी लावली. तिला आडवं केलं. माझी बोटं गार पडली होती, ती दचकली. लहानपणी हिला न्हाऊमाखू घालताना फिरलेला माझा हात, आता कुठं ठेवावा तेच समजेना. मग लागलं. हरभऱ्याएवढं. बोटाखालून सरकलं. माझं सरकत नव्हतं. सरकणं चांगलं की वाईट हे मला माहीत नव्हतं, आणि तिला तर ते माझ्याच तोंडून ऐकायचं होतं.

"काय वाटतंय?"

"उद्याच्या पहिल्या गाडीनं नगरला जायचं," मी म्हणाले.

ह्यांना सांगितलं, बस्त्याआधी कापडं बघून येतो. जित्याची खोड मेल्याशिवाय जात नाही, तशी माझी.

दवाखान्यात बायका बाकांवर दाटीवाटीनं बसलेल्या. त्यात नेमकी आमच्या गल्लीतली एक. "तुमी हितं कशा?" तिनं विचारलं, आणि माझ्या तोंडून निघून गेलं, "पोरीला ॲसिडिटी झाली हो." ती मान हलवून हसली, पण तिची नजर काही आमच्यावरून हटेना.

खिडकीशी बसलेल्या सिस्टरनं मुलीला बोलावलं. फॉर्म भरायला घेतला. वय विचारलं, लग्न झालंय का विचारलं. मग मान वर न करता तिनं विचारलं, "घरात कुणाला कॅन्सर होता का? आईला, मावशीला, आजीला?"

"न्हाई," मुलगी म्हणाली.

तिची पापणी लवली नाही. आवाज अडखळला नाही. मी गर्भपिशवी म्हणते तशी, अगदी तशीच ती 'न्हाई' म्हणाली, आणि सिस्टरनं तसं लिहूनही टाकलं. तिचं सगळं आता त्या एका शब्दावरून ठरणार होतं आणि तो शब्द मीच तिला पढवला होता.

"थांबा सिस्टर, खोडा ते." माझा आवाज एवढा मोठा निघाला की बाकावरच्या बायका वळल्या. "आईला झाला हुता. मीच तिची आई. माझं डावं काढलेलं हाय."

मुलीनं माझं मनगट गच्च धरलं. "मम्मी, त्या ऐकत्यात," ती पुटपुटली. गल्लीतली बाई माझ्या पदराकडं टक लावून बघत होती.

"ऐकू दे."

"किती वर्षं झाली?" सिस्टरनं विचारलं.

"तीन."

तिनं आधीचं खोडलं, नवं लिहिलं आणि मुलीला आत जायला सांगितलं. मुलगी आत गेली, दार लागलं. मला एवढी भीती माझ्या ऑपरेशनच्या टेबलावरसुद्धा वाटली नव्हती.