वफ्र्याचा हुरडा

आमच्याकडे हुरडा खायला येणार असलेल्या माणसांना मी स्वतः फोन करून येऊ नका म्हणून सांगितलं, आणि बायकोला सांगितलं की त्यांनीच येत नाही म्हणून कळवलंय. हे आधीच लिहून टाकतो. पुढे मी वफ्र्याबद्दल प्रेमाने लिहिणार आहे, आणि ते वाचून माझ्याबद्दल कुणाचं उगाच चांगलं मत व्हायला नको. त्या जागेवर माया करायला मला बायकोने शिकवलं, आणि तिथेच मी तिला सगळ्यांत जास्त दुखावलं.

वफ्रा म्हणजे कुवेतच्या दक्षिणेकडचा शेतांचा पट्टा. फहाहील हे समुद्राकाठचं शहर सोडलं की तेलाच्या विहिरी लागतात, दूरवर गॅसच्या ज्वाळा दिसतात, मग बराच वेळ नुसती वाळू आणि विजेचे मनोरे, आणि मग एकदम हिरव्या जाळ्या, प्लास्टिकची हरितगृहं, खजुरांच्या रांगा आणि मेंढ्यांचा वास. तासाभराचा रस्ता. हिवाळ्यात शुक्रवारी शहरातली माणसं गाड्या भरून येतात, टोमॅटोच्या आणि काकड्यांच्या पेट्या घेतात, मुलांना शेळ्या दाखवतात आणि अंधार पडायच्या आत परत जातात. आम्ही तिथे राहायला गेलो.

त्याआधी आमचं बिऱ्हाड फहाहीलला होतं. मी राई नावाच्या औद्योगिक भागातल्या एका वर्कशॉपमध्ये पंपांच्या दुरुस्तीचं काम बघायचो. ते वर्कशॉप बंद पडलं. मुलगी बारावी होऊन नुकतीच पुण्याला शिकायला गेली होती, तिची फी भरायची होती, म्हणून मिळेल ती नोकरी धरली. ही नोकरी निघाली वफ्र्यातल्या एका मोठ्या शेतावर. पंप, ठिबकच्या नळ्या आणि हरितगृहांचे कूलर चालू ठेवायचे, हाताखाली चार माणसं. राहायला जागा शेतावरच, पंपघराच्या मागे दोन खोल्या, वर पत्रा, पुढे थोडं अंगण, संडास बाहेर.

ओळखीच्या मराठी लोकांना मी हे सांगितलंच नाही. त्यांतले बहुतेक बँकेत, आयटीत, नाहीतर हिशेबाच्या कामात. कुठे राहता विचारलं की मी म्हणायचो, "फहाहील साइडलाच." काय करता म्हटलं की, "एका कंपनीत मॅनेजर आहे." परभणीकडचं खेडं सोडून, डिप्लोमा करून, विमानात बसून मी इतक्या लांब आलो आणि शेवटी पुन्हा शेणामातीतच पोचलो, हे मला कुणाला सांगवत नव्हतं.

बायकोला यातलं काहीच वाटलं नाही. पहिल्याच सकाळी तिने मला हलवून उठवलं.

"अहो, ऐकलं का? कोंबडा!"

"मग?"

"मग काय मग? इतकी वर्षं त्या लिफ्टचा आवाज ऐकून उठायलो आपण."

पंधरा दिवसांत तिने अंगणात मेथी आणि कोथिंबीर पेरली. शेतावरचा मुकादम मिसरी, म्हणजे इजिप्तचा होता. त्याला मराठी येत नव्हती आणि हिला अरबी, पण दोघं कुंपणाशी उभे राहून मेंढ्यांच्या आजारपणावर बराच वेळ बोलत. हिवाळ्यात धुकं इतकं दाट पडायचं की समोरचं हरितगृह दिसायचं नाही. ही माझं जाडं जाकीट गाऊनवर चढवून त्यातून फिरून यायची आणि सांगायची की आज खजुराच्या झाडावर काय काय बसलं होतं. उन्हाळ्यात धुळीचं वादळ आलं की दाराखाली ओले टॉवेल कोंबून आम्ही आत बसायचो आणि ती गावाकडच्या माणसांच्या नकला करायची. संध्याकाळी क्षितिजावर ज्वाळांचा तांबडा उजेड पडायचा. "यांच्याकडं रोजच होळी," म्हणायची. मी हसायचो. मनातून मात्र मी फिंतासमधल्या समुद्राकाठच्या इमारतींतला एखादा फ्लॅट बघत असायचो.

दुसऱ्या वर्षी तिने गावाकडून येताना हुरड्याच्या ज्वारीचं बी आणलं, साडीच्या घडीत गुंडाळून. उन्हाळा उतरल्यावर मुकादमाकडून पंपघरामागचा एक तुकडा मागून घेतला आणि पेरलं. मी तिला ठिबकची नळी जोडून दिली, एवढंच माझं काम. कणसं धरली तशी पाखरं यायला लागली. ही रिकामा तुपाचा डबा बडवत "हाऽऽ हाऽऽ" करत फिरायची. पहिल्या दिवशी मुकादम आग लागली समजून धावत आला होता.

आणि हुरडा भाजायला गोवऱ्या पाहिजेत म्हणून पलीकडच्या शेतावरून गाईचं शेण आणून तिने कुंपणाच्या भिंतीवर गोवऱ्या थापल्या. ज्या देशात जमिनीतून तेल निघतं, तिथे माझी बायको गोवऱ्या थापत होती. येणारेजाणारे गाडी हळू करून बघायचे. मला मेल्याहून मेल्यासारखं व्हायचं.

संक्रांतीच्या हळदीकुंकवाला आम्ही फिंतासला गेलो. तिथे आमच्या ओळखीतल्या एक वहिनी राहतात, पुण्याच्या. त्यांचे यजमान बँकेत आहेत, त्यांना मी साहेब म्हणतो. बायका आतल्या खोलीत होत्या, आम्ही पुरुष बाहेर. मध्येच आतून मोठा गलका झाला, आणि वहिनी दारात येऊन नवऱ्याला म्हणाल्या, "अहो, ऐकलंत का? हिने इथे ज्वारी लावली आहे! हुरड्याला बोलावलंय सगळ्यांना. पुढच्या शुक्रवारी वफ्र्याला."

साहेब माझ्याकडे वळले. "काय हो, तुम्ही वफ्र्याला राहता? कधी बोलला नाहीत."

"हो, म्हणजे... कंपनीची जागा आहे तिथे," मी म्हणालो. चहा कधी संपला कळलं नाही.

परतताना गाडीत मी विषय काढला. "सगळ्यांना बोलावलंस?"

"बोलावलं की. हुरडा काय दोघांनी खायचा असतो?"

"बसवणार कुठे त्यांना?"

"हुरड्याला सोफा लागतो काय हो?"

"संडास बाहेर आहे आपला."

"मग? ते काय मुक्कामाला यायलेत?" ती हसली. मग आपल्याशीच बोलावं तसं म्हणाली, "किती वर्षांनी कुणीतरी माझ्या घरी येणार आहे."

हे वाक्य मी ऐकलं होतं. तरीसुद्धा गुरुवारी दुपारी हरितगृहाच्या आडोशाला जाऊन मी साहेबांना फोन लावला. म्हणालो, शेताच्या मालकाने मनाई केलीय, बाहेरची माणसं आणू नका म्हणतो. बायकोला अजून सांगितलेलं नाही, फार वाईट वाटेल तिला. मी हळूच सांगेन. तुम्ही कुणी तिच्याकडे विषय काढू नका.

"अहो, अजिबात नाही काढणार," साहेब म्हणाले. "मी बाकीच्यांनाही सांगतो. त्यात काय एवढं? पुढच्या वर्षी येऊ."

मालकाला यातलं काही माहीत नव्हतं. तो कधीमधी यायचा आणि आला की माझ्या बायकोच्या हातचा चहा मागून घ्यायचा. त्याला विचारलं असतं तर त्याने पाहुण्यांसाठी सतरंज्या पाठवल्या असत्या.

शुक्रवारी ती पहाटेच उठली. खड्डा खणून आगटी तयार केली. लसणाची, कारळाची आणि शेंगदाण्याची अशा तीन चटण्या, दही, गूळ, सगळं झाकून मांडलं. कणसं खुडून आणली. दाणे अगदी दुधात आले होते. हुरड्याला तेवढेच चार दिवस असतात, पुढे दाणा टणक होतो. ती केस विंचरत असताना मी तिला सांगितलं.

"त्यांचा फोन आला होता. जमत नाही म्हणतात. कुणाच्या मुलांची परीक्षा आहे, कुणाला लांब पडतंय."

"सगळ्यांनाच?"

"सगळ्यांनाच."

"वहिनींना पण?"

"त्यांनीच तर कळवलं."

शेवटचं वाक्य बोलायची काही गरज नव्हती. खोटं पक्कं व्हावं म्हणून बोललो.

ती "बरं" म्हणाली. थोड्या वेळाने तिने आगटी पेटवली आणि शेतावरच्या सगळ्या माणसांना हाक मारून बसवलं. मिसरी मुकादम, बांगलादेशी गडी, सगळे गोल करून बसले. ती गरम कणसं हातावर चोळून प्रत्येकाच्या तळव्यावर हुरडा ठेवत होती. एकाने वर साखर मागितली तेव्हा ती हसलीसुद्धा. मीही खाल्ला. इतका गोड हुरडा मी गावाकडेही खाल्ला नव्हता.

उरलेली ज्वारी तिने काढली नाही. दाणे टणक झाल्यावर मुकादमाने कापून मेंढ्यांना घातली. पुढच्या हिवाळ्यात तिने पेरलं नाही. मी विचारलं तर म्हणाली, "पाखरं लै त्रास देतात."

तिथल्या मराठी मंडळाच्या कार्यक्रमांना ती कमी यायला लागली. "तुम्ही जाऊन या," म्हणायची. मुलीने फोनवर विचारलं, "आई, व्हाय डोन्ट यू गो?" तर हिने तिला जेवलीस का म्हणून विचारलं. एकदा गणपतीत मी बळेच घेऊन गेलो. वहिनी जवळ आल्या, "कशी आहेस गं?" म्हणाल्या आणि थबकल्या. हिला हुरड्याचं वाईट वाटलं असेल, म्हणून त्या जपून बोलत होत्या. हिला ते जपून बोलणं परकेपणाचं वाटलं. हिने दोन शब्दांत उत्तर दिलं आणि प्रसादाच्या रांगेत जाऊन उभी राहिली. दोघींमधला हा घोटाळा मी दोन हातांवरून बघत होतो आणि हातातल्या द्रोणातली खिरापत खात होतो. मला तेव्हा बोलता आलं असतं. त्यानंतरही कितीतरी वेळा आलं असतं.

एव्हाना मला वफ्रा आवडायला लागला होता, ही त्यातली आणखी एक गंमत. सुट्टीवर गावी गेलो तरी मी मुकादमाला फोन करून कूलरचं विचारायचो. पण फ्लॅटची हौस काही गेली नव्हती. या हिवाळ्यात मालकाने मला त्याच्या फिंतासच्या भाजीच्या डेपोवर घ्यायचं ठरवलं. बरोबर राहायला फ्लॅट, समुद्रापासून जवळ. मी पेढे घेऊन घरी आलो.

ती मेथी निवडत बसली होती. सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाली, "तुम्ही जावा. मी पुण्याला लेकीकडं जाते."

"म्हणजे? कायमची?"

"इथं ऱ्हायचं असतं तर राहिले असते. फिंतासला नाही ऱ्हायची."

"का पण?"

"कामून म्हणजे? त्या वहिनींच्या गल्लीत ऱ्हायचं? तासाभराच्या रस्त्यावर माझ्या दारी यायला जिवावर आलं त्यांच्या. आता मी रोज त्यांच्या दारावरनं भाजी आणायला जाऊ? आपण त्यांच्यातले नाही, हे मला कळलंय. पुन्हा पुन्हा कळून घ्यायचं नाही."

तिने हे रागाने म्हटलं नाही. विचार करून ठरवलेलं होतं. कदाचित त्या शुक्रवारीच ठरवलेलं असेल. मी पेढ्यांचा पुडा बाजूला ठेवला आणि तिच्यासमोर खाली बसलो. सांगायला सुरुवात केली तेव्हा वाटलं होतं की फार वेळ लागेल. दोन मिनिटांत सगळं सांगून झालं.

तिचे हात थांबले. "मग त्या पोरांच्या परीक्षा?"

"नव्हत्या."

"आणि मालक?"

"त्याला माहीतच नव्हतं."

"वहिनी येणार होत्या?"

"सगळेच येणार होते. खुशीत होते सगळे."

तिने निवडलेली मेथी बाजूला सारली. "माझी लाज वाटली तुम्हाला," ती म्हणाली. मी घराची, पत्र्याची, माझ्या हुद्द्याची वगैरे सांगायला लागलो. तिने मान हलवली. "गोवऱ्या मी थापत होते ना? मग माझीच." आणि मग तिच्या डोळ्यांत पाणी आलं. "अन् त्या बाईशी मी गणपतीत नीट बोलले पण नाही हो. काय वाटलं असंल तिला?"

ती उठून आत गेली. मला वाटलं, बॅग भरते आहे. साडी बदलून बाहेर आली.

"गाडी काढा. फिंतासला जायचंय."

वाटेत ज्वाळा दिसायला लागल्या तेव्हा मी म्हणालो, "हे बघ, माझं..."

"मला नका म्हणू आत्ता. तिथं म्हणा. त्यांच्यासमोर. मग मी पुण्याचं काय ते बघते."

दार वहिनींनीच उघडलं. हाताला कणीक होती. "अगं बाई! तुम्ही? या, या. अहो, बघा कोण आलंय!" साहेबांनी टीव्ही बंद केला. पाणी आलं. बायको सोफ्याच्या टोकावर बसली, वहिनी तशाच तिच्या शेजारी बसल्या. मला बसा म्हणाले, पण मी उभाच राहिलो.

"वहिनी, साहेब, हुरड्याच्या वेळी मालकाने मनाई केली नव्हती," मी म्हणालो. "मी खोटं बोललो. आमचं घर पत्र्याचं आहे, मी तिथे सुपरवायझर आहे, मॅनेजर नाही. ते तुम्ही बघू नये म्हणून तुम्हाला येऊ दिलं नाही. आणि हिला सांगितलं की तुम्हीच नको म्हणालात. आजपर्यंत ती तेच धरून बसली होती. ती तुमच्याशी तुटक वागली ती माझ्यामुळे. मला माफ करा."

वहिनींनी बायकोचा हात धरला होता, कणकेच्या हातानेच. मी बायकोकडे वळलो. तिच्या तोंडावर काय आहे ते मला धड बघवत नव्हतं, तरी तिच्याकडे बघूनच बोललो.

"तू माणसांना मायेनं बोलावलं होतंस आणि मला तुझी लाज वाटली. तुझंच बरोबर आहे, घराची नाही, तुझी. फार वाईट वागलो मी. माझं चुकलं. मला माफ कर."