अंगठ्याने सोडलेली जागा

ओमना चेचीला, म्हणजे आमच्या ओमनाताईला, संगणक आम्ही शिकवला, केरळातल्या चेर्तलच्या वाचनालयात. फुकट मिळणाऱ्या मोकळ्या प्रोग्रामांवर, कुठल्या कंपनीच्या पाया न पडता. काथ्या वळून वळून तिचा उजवा अंगठा लाकडासारखा झालेला. तो कळफलकावर टेकला की नको तिथे जागा सुटायची.

"चेची, गाण्याला भोकं पडली बघ!" मी चिडवायचो.

"तुझ्या डोक्याला पडलीत, ती बुजव आधी."

शेजारी तिची अम्मा बसायची, कार्त्यायनी. खाडीकाठी काथ्यासाठी नारळाची भिजलेली सोडणं बडवताना बायका म्हणायच्या ती गाणी आता तिला एकटीलाच येत होती. ती म्हणायची, चेची थेट टंकायची. कागदावर काही नाही.

लिहायचा प्रोग्राम प्रत्येक फाइलची जुनी प्रत मागे टाकतो, नावाला ~ अशी शेपटी लावून. चेचीला पसारा खपत नसे. उठण्याआधी अंगण झाडावं तसा ती हुकूम द्यायची: rm *~. rm म्हणजे पूस, * ही चांदणी म्हणजे कुठलंही नाव, आणि तिला चिकटून शेपटी; म्हणून शेपटीवाल्या तेवढ्या पुसल्या जायच्या.

अम्मा गेली. सुतक फिटल्यावर चेची आली, एक ओळ सुधारली आणि नेहमीसारखा केर काढला. अंगठा टेकला.

rm * ~

मध्ये जागा पडून शेपटी सुटली, चांदणी एकटी उरली. एकटी चांदणी म्हणजे सगळं. यंत्राने विचारलंसुद्धा नाही.

"दुसरी प्रत ठेवायची अक्कल नको?" वाचनालयाचे सेक्रेटरी म्हणाले.

"तुमची म्हातारी मेली की तुम्ही ठेवा," मी म्हणालो. ते आजही माझ्याशी बोलत नाहीत. नकोत बोलायला.

पुसलेलं परत काढायला आम्ही जंग जंग पछाडलं. हाती लागली एकच फाइल, मागे वीज गेली तेव्हा प्रोग्रामने आपणहून राखलेली. तिच्या नावाआधी टिंब होतं, आणि टिंबवाल्या फाइली चांदणीला दिसत नाहीत. वीज आल्यावर तिने गाणं नव्या नावाने पुन्हा टंकलं होतं, म्हणून चेचीलाही ती कधी दिसली नव्हती. तीत अर्धं गाणं होतं. 'भिजलं सोडण, भिजली मी' इथवर.

"पुढची ओळ काय, चेची?"



"अम्मा गात होती तेव्हा मी टंकत होते रे. ऐकलंच नाही."

ते अर्धं गाणं आम्ही नीट जपून ठेवलं. तरी उघडताना प्रोग्राम दर वेळी विचारतो, जुनी उरलेली फाइल सापडली, पुसू का?

चेची उजवा हात मांडीखाली दाबून ठेवते आणि डाव्या हाताने 'नको' म्हणते.