तोफखान्यांची मार्गरीत

मोहनराव तोफखाने एगैलातल्या मॉलमध्ये चालता चालता गेले. उन्हाळ्यात इथे आखातात बाहेर पाऊल टाकवत नाही, म्हणून दुकानं उघडायच्या आधी मॉलच्या गारव्यात फेऱ्या मारायला बरेच भारतीय येतात. त्यातल्याच कुणीतरी त्यांच्या फोनवरून वहिनींना कळवलं आणि वहिनींनी मला. मी शाळेत होते, आठवीच्या वर्गाकडून फ्रेंच क्रियापदं घोकून घेत होते. “मेधाताई, हे गेले,” एवढंच त्या म्हणाल्या. मग लगेच, “मला इथे कसलेतरी कागद विचारतायत... तुम्ही येता का?” या गोष्टीला आता दीड महिना होऊन गेला. रडायच्याही आधी त्या बाईला कागद शोधावे लागले, हे माझ्या मनातून अजून जात नाही.

आमची ओळख फ्रेंचमुळेच झाली. नऊ वर्षांपूर्वी सबाह अल-सालेमच्या आमच्या इमारतीतल्या लिफ्टमध्ये एका अनोळखी गृहस्थांनी मला विचारलं, “फ्रेंच शिकवणाऱ्या मॅडम तुम्हीच ना? आमचे पूर्वज फ्रेंच होते.” मी नीट पाहिलं. सावळा वर्ण, कपाळावर गंध, हातात कोथिंबिरीची जुडी. मला हसू आवरेना. ते मुळीच रागावले नाहीत. चष्मा काढून म्हणाले, “डोळे बघा, घारे आहेत.” मी म्हटलं, “घारे डोळे निम्म्या कोकणाला असतात हो.” त्यावर ते शांतपणे म्हणाले, “असतील. पण त्यांच्याकडे पुरावा नाही. मी मिळवणार आहे.”

पुरावा म्हणजे त्यांचा जीव की प्राण. एका बांधकाम कंपनीत ते डॉक्युमेंट कंट्रोलर होते. नकाशाची कुठली प्रत जुनी, कुठली नवी, कुणाची सही राहिली, हे पाहणं त्यांचं काम. एक सही कमी असली तर चीफ इंजिनिअरलाही दारातून परत पाठवत, आणि ते सांगताना त्यांची छाती फुगलेली असे. त्यांच्या घरात ऐकीव गोष्ट अशी, की मराठी फौजेत तोफा ओतायला आलेला कुणी एक फरासीस हा त्यांचा मूळ पुरुष. आडनाव त्यावरूनच पडलं म्हणे. हे ‘म्हणे’ मोहनरावांना खुपायचं. मग दर शुक्रवारी दुपारी त्यांच्याकडे आमची बैठक. फ्रान्समधल्या आणि आपल्याकडच्या जुन्या चर्चच्या दप्तरांना ते पत्रं पाठवायचे, मी ती फ्रेंचमध्ये लिहून द्यायची. वहिनी आठवडाभर इस्पितळाच्या लॅबमध्ये रक्त तपासून दमलेल्या, तरी गरम घावने वाढायच्या. मुलगी ऋचा कॅनडातून व्हिडिओवर यायची आणि बापाला चिडवायची, “बाबा, सो व्हॉट? वी आर फ्रॉम चिपळूण.” भिंतीवर त्यांनी मोठा वंशवृक्ष लावला होता. सगळी पुरुषांची नावं, आणि शेजारी बारीक अक्षरात नुसतं ‘पत्नी’. मी नऊ वर्षं त्याच्यासमोर बसून घावने खाल्ली. मलाही कधी काही खटकलं नाही.

गेल्या हिवाळ्यात एका दप्तरातून उत्तर आलं. मी वाचत गेले आणि ते खुर्चीच्या कडेवर येऊन बसले. गियोम नावाचा गोलंदाज, म्हणजे तोफा डागणारा, खरंच होता. मराठी मुलखात राहिला, तिथल्याच बाईशी संसार केला, तिथेच वारला. त्याला एकच अपत्य होतं, मार्गरीत नावाची मुलगी. मुलगा नव्हता.

“मुलगी?” मोहनराव म्हणाले. उठून ते भिंतीवरच्या नावांवरून बोट फिरवू लागले. मग एकदम त्यांना हुरूप आला. त्र्यंबकच्या तीर्थोपाध्यायांच्या वहीतून त्यांनी पूर्वी नावं उतरवून आणली होती. त्यात त्याच पिढीतल्या पुरुषाची बायको म्हणून पार्वती हे नाव होतं. “म्हणजे हीच ती! लग्नात नाव बदललं असणार. मॅडम, मार्गरीत आणि पार्वती ही एकच बाई, असं सांगणारा एक कागद मिळाला की झालं. एकच.”

पुढचे चार महिने आम्ही त्या एका कागदामागे होतो. आलेलं प्रत्येक उत्तर नकाराचं. शेवटी माझा तोल गेला. मी म्हटलं, “कोण करून ठेवणार असा कागद? ताटातल्या तांदळात अंगठीने नवं नाव लिहिलं, सगळ्यांना पेढे वाटले, आणि ते तांदूळ परत डब्यात गेले. तुमच्या लग्नात काय वेगळं झालं? वहिनींचं माहेरचं नाव तरी आहे का तुमच्या या भिंतीवर?”

ते कसनुसं हसले. “ते फक्त तिच्या पासपोर्टवर राहिलंय. दर सुट्टीत बदलून घेऊ म्हणतो आणि राहतं.” स्वयंपाकघरातला तव्याचा आवाज थांबला होता. काय नाव, ते त्यांनी सांगितलं नाही आणि मीही विचारलं नाही.

त्यानंतर दोन शुक्रवार मी गेले नाही. पुन्हा भेट झाली ती लिफ्टमध्येच. म्हणाले, “कागद नाही म्हणून ती बाई नव्हतीच, असं होतं का हो मॅडम?” मी अजून घुश्शातच होते. म्हटलं, “तुमच्याच नियमाने बोलायचं तर नव्हतीच.” त्यांनी मान डोलावली आणि आपल्या मजल्यावर उतरले. मी त्यांच्याशी बोललेलं ते शेवटचं वाक्य. ते परत घेता आलं तर मी काय वाटेल ते देईन.

वहिनींना कागद विचारत होते ते यासाठीच. मोहनरावांच्या पासपोर्टवर पत्नीचं नाव अनुराधा तोफखाने. वहिनी मात्र इथे स्वतःच्या नोकरीच्या व्हिसावर आलेल्या, लग्नाआधीच्या पदवीवर आणि लग्नाआधीच्याच नावाच्या पासपोर्टवर. जन्मभर दुसऱ्यांच्या कागदांतला फरक शोधणाऱ्या माणसाच्या घरात हा फरक तीस वर्षं तसाच पडून होता. आपल्या वकिलातीतला कारकून भला माणूस होता, पण त्याचा इलाज नव्हता. दोन्ही कागद शेजारी ठेवून तो म्हणाला, “मॅडम, काग़ज़ पे तो ये दो औरतें हैं. बॉडी किसको दें?”

मोहनराव चार दिवस शवागारात होते. चार दिवस वहिनी, लॅबचा निळा कोट बदलायचंही न सुचून, या खिडकीवरून त्या खिडकीवर आपण कोण ते सांगत फिरल्या. ऋचाने चिपळूणहून लग्नाच्या दाखल्याची प्रत मागवली. त्या प्रतीबरोबर एक प्रतिज्ञापत्र लागलं: या दोन्ही नावांची बाई एकच आहे. खाली ओळखणाऱ्याची सही. “आप इनको दोनों नाम से जानती हैं?” कारकुनाने विचारलं. मी “हाँ” म्हटलं आणि सही केली. वहिनींचं नाव सुलभा पाटणकर होतं, हे मी त्या कागदावर पहिल्यांदा वाचलं. मला खोटं बोलल्याची लाज वाटली नाही, नऊ वर्षांत विचारलं नाही याची वाटली. मार्गरीतसाठी अशी खोटी सही करायलाही कुणी नव्हतं.

चिपळूणला दिवसकार्य उरकून वहिनी नोकरीवर परत आल्या. गेल्या शुक्रवारी मी त्यांच्याकडे गेले. मोहनरावांच्या खोलीत बसलो. वंशवृक्ष अजून भिंतीवर आहे, त्याला कुणी हात लावलेला नाही. चहा झाला, ऋचाबद्दल बोलून झालं.

मग त्या एकाएकी म्हणाल्या, “लॅबमध्ये मी पाटणकर. घरात हे अनू म्हणायचे, तुम्ही सगळे वहिनी. सुलभा म्हणणारे आई-बाबा होते, तेही गेले... मेधाताई, तुम्ही मला एकदा त्या नावाने हाक मारता का? तुम्ही सही केलीय.”

त्या माझ्याकडे बघत होत्या. नाव मला पाठ होतं, दीड महिना मनात तेच तर होतं. मी तोंड उघडलं, आणि बाहेर पडलं ते, “अहो वहिनी...”